शेपटी गेली, हात राहिला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



फोटोविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे उपाशी माणसाला सावजी रश्श्याचं वर्णन ऐकवण्यासारखं आहे. तरीही आज मी एका फोटोचीच गोष्ट सांगणार आहे. फोटो मांजरीचा आहे. तो तुम्हाला दिसणार नाही, तेव्हा मांजर तुमची तुम्हीच मनात आणून बसवा. तिचा रंग मी मुद्दाम सांगत नाही. प्रत्येकाची मांजर वेगळी झाली तरी माझं काही बिघडत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका मुलीचा फोन आला. रस्त्यावरच्या जखमी जनावरांवर उपचार करणाऱ्या आणि कुत्र्या-मांजरांची नसबंदी करून देणाऱ्या तरुण पोरापोरींचा एक गट आहे, त्यातली ती. जनावरांच्या डॉक्टरांची नागपूरला वाण नाही. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण डॉक्टर असला तरी भूल, टाके, औषधं, ऑपरेशननंतर चार दिवस ठेवायची जागा, या सगळ्याला पैसा लागतो. आणि मांजरीचा हिशेब सावकाराच्या व्याजासारखा वाढतो. चार-पाच महिन्यांची मांजर गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत पिल्लं हजर. ही मुलं त्या व्याजाच्या मागे धावत होती आणि त्यांच्या खिशात मुद्दल नव्हतं.

म्हणून त्यांनी लिलाव ठरवला. शहरातल्या लेखक, चित्रकार, डॉक्टर, शिक्षकांनी आपल्या घरच्या जनावराचा स्वतः काढलेला एक फोटो द्यायचा. धरमपेठेतल्या एका सभागृहात संध्याकाळी त्यांची बोली लावायची. चांगल्या कामासाठी फोटो विकणं आपल्याकडे नवं नाही. उद्धव ठाकरे यांनी काढलेल्या छायाचित्रांचं प्रदर्शन २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या जहांगीर कलादालनात भरलं होतं, त्याचं उत्पन्न दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी होतं. पण तिथे फोटो काढणाऱ्याचा हात कॅमेऱ्यावर बसलेला. इथे माझ्यासारख्याचा फोटो, आणि तोही मोबाइलवरचा.

"सर, तुमच्याकडे मांजर आहे ना? बारा बाय अठरा इंच, आडवा फोटो द्या. सगळे एकाच मापाचे आहेत," ती म्हणाली.

मी लगेच हो म्हटलं. कविता मागितली असती तर जरा घाबरलो असतो. कवितेच्या लिलावात पहिली बोली लावायला मलाच हात वर करावा लागला असता.

आता मांजरीविषयी. तिचं नाव मानो. ती माझी नाही, माझ्या अम्मीची आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी मोमिनपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत नालीच्या कडेला ती ओरडत पडली होती. माझी बहीण तिला ओढणीत गुंडाळून घेऊन आली. अम्मीनं पहिल्या दिवशी सांगितलं, "रात्रभर ठेव, सकाळी सोडून ये." ती सकाळ अजून उजाडायची आहे. मांजरीला आमच्याकडे तशी मनाई नाही. मांजर नापाक नाही, ती घरात येणारी-जाणारीच आहे, असं हदीसमध्ये आलेलं आहे. पैगंबरांच्या एका सोबत्याचं तर नावच अबू हुरैरा पडलं, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप. पण अम्मीनं मांजर ठेवली ती हदीस आठवून नव्हे. सकाळच्या नमाजनंतर घरात कुणी उठलेलं नसतं, तेव्हा तिच्याशी बोलायला कुणीतरी आलं, म्हणून ठेवली.

पुढच्या वर्षी याच मुलांच्या शिबिरात मानोचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन झालेल्या भटक्या मांजरीच्या एका कानाचं टोक भूल उतरायच्या आत थोडं कापतात, म्हणजे तिला पुन्हा कुणी पकडून टेबलावर घेऊ नये. मानोचा डावा कान तेव्हापासून वर सपाट आहे, सुईनं शिवायच्या आधी दर्ज्यानं कापड सरळ कापावं तसा. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फोटो असा. सकाळची वेळ, आमचा ओटा. डावीकडे भिंत आणि डालड्याच्या जुन्या डब्यात लावलेली मनीप्लांट. त्याच्या उजवीकडे मानो, मान वर करून बसलेली, शेपटी डब्याभोवती टाकलेली. उजवीकडून अम्मीचा हात आत आलेला. संधिवातानं बोटं जरा वळलेली, मनगटाला तस्बीह गुंडाळलेली, एक जुनी काचेची बांगडी, आणि बोटांत दुधात कुस्करलेल्या पोळीचा घास. मानो दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाही. मी दिला तर वास घेते आणि माझ्याकडे असं बघते, की संपादक साभार परत पाठवतो तेव्हा त्याची नजर अशीच असावी. आणि फोटोच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, खाली वाकलेला, अर्धाच आलेला अम्मीचा चेहरा.

हा चेहरा अडचणीचा होता. अम्मीला फोटो आवडत नाहीत. आमच्या जुन्या घरात भिंतीवर माणसाचं चित्र नव्हतं, मक्का-मदिन्याचं होतं. तिचे सगळ्या आयुष्यात मिळून तीनच फोटो आहेत. एक मतदार ओळखपत्रावर, एक आधारकार्डावर, एक बँकेच्या पासबुकावर. तिन्ही सरकारच्या धाकानं काढलेले, आणि तिन्हींत ती तशीच घाबरलेली दिसते. माझ्या मोबाइलमधला हा चौथा मी तिला न सांगता काढलेला होता. तो परक्या भिंतीवर लावायचा तर चेहरा काढावा लागणार, एवढं मला कळत होतं.

मी फोटो त्या मुलीला पाठवला आणि लिहिलं, चेहरा कापायचा आहे. संध्याकाळी तिनं स्वतःच कापून परत पाठवला. "सर, असा केला तर? मांजर मोठी होते."

मांजर खरोखरच मोठी झाली होती. नुसतं तोंड, दोन डोळे, दोन कान. चेहरा गेला होता, ते ठीक. पण हातही गेला होता. उजव्या कडेला तीन बोटांची टोकं तेवढी राहिली होती, चोरानं खिडकीच्या गजातून हात घालावा तशी. बांगडी नाही, तस्बीह नाही.

श्रोतेहो, मी रागावलो. आणि कशानं रागावलो ते तुम्हाला खरं सांगायला हवं, नाहीतर हे बोलण्यात अर्थ नाही.

मला वाटलं, तस्बीह नको होती म्हणून हात कापला.

असं वाटायला माझ्याकडे कारणं होती. या शहरात दोन वेळा घर भाड्यानं मिळता मिळता नाव सांगितल्यावर राहून गेलं. सभांमध्ये माझी ओळख करून देताना सांगतात, "हे मुस्लिम असूनही किती शुद्ध मराठी लिहितात!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. टाळ्याही पडतात. पण त्या 'असूनही'ची कात्री मला दरवेळी लागते. शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला, शाहीर अमर शेखांनी डफावर थाप मारून संयुक्त महाराष्ट्र जागा केला, मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरात सुरू झालं, आणि तरी मी अजून 'असूनही'च आहे. बरं, मुशायऱ्यात गेलो तर तिथे दुसरी कात्री. "आप तो मराठी में लिखते हैं ना," असं म्हणून मला मागच्या रांगेत बसवतात. म्हणजे इकडे अर्धा आणि तिकडे अर्धा. एवढी वर्षं दोन्हीकडून कापला गेलेला माणूस कात्री दिसली की चमकतो.

विकण्यासाठी चित्र बदलतात, हेही मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक आहे, फक्त आठवत नसेल. एचएमव्हीच्या तबकडीवरचा कुत्रा आठवा. माझ्या पिढीतल्या सगळ्यांनी तो फिरताना पाहिला आहे आणि तो चक्कर येऊन पडत कसा नाही याचा विचार केला आहे. तो खरा कुत्रा होता. निपर त्याचं नाव, इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरातला. १८९५ मध्ये तो मेला. पहिला मालक वारल्यावर त्याला सांभाळणाऱ्या भावानं, फ्रान्सिस बॅरो या चित्रकारानं, निपर गेल्यानंतर त्याचं चित्र काढलं. त्यात निपर फोनोग्राफसमोर कान देऊन बसला होता, नळकांड्याच्या जुन्या यंत्रासमोर. ग्रामोफोन कंपनीनं १८९९ मध्ये चित्र घ्यायची तयारी दाखवली, पण अट घातली की यंत्र आमचं काढा. बॅरोनं जुन्या यंत्रावर रंग फासला आणि तबकडीचा ग्रामोफोन रंगवला. चित्राचे पन्नास पौंड, हक्काचे पन्नास पौंड. कुत्रा तोच राहिला, त्याच्यासमोरचं यंत्र बदललं. मग कलकत्त्याच्या डमडमच्या कारखान्यातून तो कुत्रा आपल्या घराघरांत आला.

तेव्हा मी मनात म्हटलं, मानोचंही तसंच. मांजर ठेवा, समोरचं बदला. 'फोटो देणार नाही' असा निरोप मी मोबाइलवर लिहिला. पाठवला मात्र नाही. कविता लिहिणाऱ्याला एक चांगली सवय असते, पहिला खर्डा तो टपालात टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी इतवारीत माझ्या मित्राकडे गेलो. तीस वर्षांहून जास्त काळ त्याचा स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्न, बारसं सगळं करतो. एके काळी डार्करूमच्या लाल दिव्यात आम्ही दोघं चहा पीत असू. हायपोचा आंबट वास अजून त्याच्या भिंतींना आहे. मी त्याला दोन्ही फोटो दाखवले आणि माझा संशयही सांगितला. संशयावर तो काही बोलला नाही. फोटोवर मात्र बोलायला लागला.

"अबे कवी, आधी मले हे सांग, व्हॉट्सॲपवरून काऊन पाठवला बे? तिथून पाठवला का फोटो आक्रसते. डॉक्युमेंट म्हणून पाठव."

मग त्यानं गणित मांडलं. माझ्या मोबाइलचा फोटो चार हजार बत्तीस ठिपके रुंद आणि तीन हजार चोवीस उंच. म्हणजे चारास तीन. बारा बाय अठरा म्हणजे तीनास दोन. जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याची चौकट छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरची असायची, तिचं हेच प्रमाण. तेव्हा मोबाइलचा फोटो या मापात बसवायचा तर काही ना काही कापावंच लागतं, हा कुणाचा डाव नाही, भूमिती आहे. दुसरी गोष्ट, छपाईला इंचामागे तीनशे ठिपके मिळाले तर उत्तम, दोनशेपर्यंत चालतं, कारण भिंतीवरचा फोटो माणूस नाक लावून बघत नाही. त्या मुलीनं निम्माच भाग घेतला होता. दोन हजार सोळा ठिपके अठरा इंचांवर ताणले की इंचामागे एकशे बारा.

"मांजरीच्या तोंडावर साबुदाना दिसन," तो म्हणाला.

मग त्यानं फोटोची पोस्टकार्डाएवढी प्रत काढली आणि टेबलाच्या खणातून काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढले. इंग्रजी 'एल' अक्षरासारखे दोन तुकडे. एक वर, एक खाली, उलटसुलट ठेवले की मधे चौकट तयार होते. सरकवत जायचं, चौकट लहानमोठी होते. एनलार्जरच्या काळातली ही युक्ती. संगणकावर हेच उंदीर सरकवून करतात, पण पुठ्ठा हातात असला की कापलेला भाग डोळ्यांसमोर राहतो, पुठ्ठ्याखाली का होईना. पडद्यावर तो नाहीसाच होतो.

काटकोन सरकवता सरकवता तो मला शिकवत होता. जनावराचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढावा, त्यासाठी जमिनीवर लोळावं लागलं तरी. हे मी ओट्याच्या पायरीवर बसल्यामुळे आपोआप साधलं होतं. फ्लॅश वापरू नये. मांजरीच्या डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो, तो उजेड परत फेकतो आणि मांजर भुतासारखी दिसते. दोन डोळ्यांपैकी कॅमेऱ्याजवळचा डोळा ठळक यायलाच हवा. जनावर ज्या बाजूला बघतं त्या बाजूला जागा सोडावी, नाहीतर ते भिंतीला नाक घासल्यासारखं दिसतं. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून महत्त्वाची गोष्ट त्या रेघांवर ठेवावी. हा नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रजानं १७९७ मध्ये निसर्गचित्रांसाठी लिहून ठेवला होता, तो अजून मोबाइलच्या पडद्यावर जाळीच्या रूपानं दिसतो. फ्रेमची खाच चारी बाजूंनी पाव-पाव इंच खाते, म्हणून कान कडेला टेकवू नये.

"आनि सगळ्यात मोठी गोष्ट," तो म्हणाला, "सांध्यावर कापू नोको. मनगटावर कापला का हात तुटल्यावानी दिसते. बोटावर कापला का त्याहून वाईट. ठेवाचा तर अर्ध्या दंडापर्यंत ठेव, नायतर पुरा काढ."

मी म्हटलं, "म्हणजे कापण्यात वाईट काही नाही?"

त्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार फोटो कापण्याच्या विरुद्ध होता, शटर दाबतानाच चौकट पक्की व्हायला हवी असं त्याचं मत. पण डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ चा त्याचा सर्वांत प्रसिद्ध फोटो कुंपणाच्या फटीतून काढलेला होता आणि आडवी आलेली फळी त्याला कापावी लागली. चे गेव्हारा यांचा तो टोपीवाला फोटो, जो आता टी-शर्टांवर दिसतो, तो आल्बर्टो कोर्डा यांनी ५ मार्च १९६० रोजी हवानात काढला. मूळ फोटोत एका बाजूला दुसरा माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पानं. कोर्डांनी दोन्ही कापली, आणि फोटो जगभर गेला. उलट एलियट अर्विट यांचा १९७४ चा न्यूयॉर्कमधला फोटो बघा. त्यांनी कॅमेरा जमिनीला टेकवला. फोटोत एका बाईचे बूट आहेत, एका धिप्पाड कुत्र्याचे नुसते पाय आहेत आणि टोपी घातलेलं एक टीचभर कुत्रं पूर्ण आहे. बाई गुडघ्याच्या वर नाहीच. पण तिला कापली असं कुणी म्हणत नाही, कारण त्या टीचभर कुत्र्याला जग एवढंच दिसतं.

मी गझल लिहिणारा माणूस. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' वाचून शिकलेला. शेराच्या दोनच ओळी असतात. तिसरी ओळ कितीही सुंदर सुचली तरी तिला जागा नाही. ती कापताना मी कधी रडलो नाही. मग प्रश्न कापण्याचा नव्हताच. काय ठेवण्यासाठी काय कापलं, हा होता.

मित्रानं काटकोन थांबवले. वरचा भाग गेला, त्याबरोबर अम्मीचा चेहरा गेला. डावीकडचा अर्धा डबा गेला आणि शेपटीचं टोक गेलं. कापलेला कान वरच्या डाव्या रेघेवर आला, हात उजव्या रेघेवर, अर्ध्या दंडापर्यंत. छत्तीसशे बाय चोवीसशे ठिपके, इंचामागे बरोबर दोनशे.

"शेपटीचं काय?" मी विचारलं.

"शेपटीले ते काय विचारते बे, थे मांजरीले विचार."

आता अम्मीची परवानगी घ्यायची होती. चेहरा गेला तरी हात तिचाच होता. श्रोतेहो, इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझे चार कवितासंग्रह निघाले, पण अम्मीनं त्यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. तिला अरबी, उर्दू अक्षरं येतात. मराठी ती बाजारात माझ्याहून झकास बोलते, पण वाचता येत नाही. मी कधी वाचून दाखवलं तर "अच्छा है बेटा" म्हणते, आणि ते ती सगळ्यांनाच म्हणते. म्हणजे इतक्या वर्षांत माझं केलेलं काही तिनं स्वतः बघून पारखलं, असं झालंच नव्हतं.

मी प्रत तिच्या हातात दिली. तिनं चष्मा लावला. खूप वेळ बघत राहिली. मी मनात तयारी करत होतो, ती म्हणेल, न विचारता काढलास. ती म्हणेल, गुनाह आहे.

"बेटा," ती म्हणाली, "बताना तो था. चूडी तो ढंग की पहन लेती मैं."

मी म्हटलं, "अम्मी, चेहरा काढून टाकलाय."

"चेहरे का क्या काम है? खाना तो हाथ से खाती है वो." मग पुन्हा प्रत डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "दुबली दिख रही है. और पूंछ क्यों काटी?"

तस्बीहविषयी ती काही बोलली नाही. तिच्या दृष्टीनं ती तिथे असणारच. माझ्या कामावर तिनं केलेली ही पहिली टीका. बांगडी जुनी, मांजर रोड, शेपटी का कापली. तिन्ही मुद्दे योग्य होते.

मग मी त्या मुलीला फोन केला. आवाज जरा चढलेलाच होता माझा. म्हटलं, "हात का कापला होता? तस्बीह अडचणीची वाटली का?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "सर, तस्बीह म्हणजे?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मी ती नीट बघितलीच नाही. मी कान बघत होते. कान कापलेली मांजर आहे ना ती, आमच्याच शिबिरातली! एवढे फोटो आले, त्यातली ही एकटी खूण असलेली. लोकांना कान मोठा दिसावा, म्हणजे आम्हाला विचारतील, मग सांगता येईल, असं वाटलं मला."

मी खुर्चीवर बसलो. खरं सांगतो, शरम वाटली. तिला कान दिसला आणि हात दिसला नाही. मला हात दिसला आणि कान दिसला नाही. दोघांनीही आपापल्या कामाचं ठेवून बाकीचं कापलं होतं. माझ्या संशयाला जन्म देणारी घरं खरी होती, ते 'असूनही' खरं होतं. पण त्यांचं बिल मी या पोरीच्या नावानं फाडलं होतं. तिचं वय बावीस.

मी तिला मित्राची चौकट पाठवली, या वेळी डॉक्युमेंट म्हणून. पाच मिनिटांत उत्तर आलं. "सर, दोन्ही आहे की यात!"

लिलावाची संध्याकाळ चांगली रंगली. गॉगल घातलेल्या एका लॅब्रेडॉरला पंधरा हजार मिळाले. त्याचा मालक डॉक्टर होता आणि बोली लावणारे त्याचेच पेशंट असावेत. आमच्या मानोची बोली एक हजारापासून सुरू झाली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. मी छताकडे बघत होतो. शेवटी दोन हजार तीनशेला एका पन्नाशीच्या बाईंनी घेतला. ती मुलगी येऊन सांगून गेली, "सर, एका मांजरीचं ऑपरेशन निघालं!" आणि मधल्या वेळात चार-पाच जणांनी कान असा का म्हणून विचारलं, तेव्हा तिनं प्रत्येकाला उभं करून सगळं समजावून सांगितलं. तिचं म्हणणं बरोबरच होतं.

बाई फोटो घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, "हातात काय आहे हो?" मी सांगितलं, दुधातली पोळी. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच." दुसरा प्रश्न त्यांनी जरा संकोचून विचारला. "घरी सासूबाईंच्या वेळची सागवानी फ्रेम आहे, बारा बाय पंधराची. त्यात लावायचा म्हणते. तीन इंच कापावा लागेल. चालेल ना?"

क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. मग हसू आलं. एवढं रामायण झालं आणि कात्री पुन्हा हजर! पण फोटो आता त्यांचा होता. आणि विचारून कापणारी कात्री मला तरी आयुष्यात फार वेळा भेटलेली नाही.

"चालेल," मी म्हटलं. "फक्त डावीकडून कापा. तिथे डबा आणि भिंत आहे."

"आणि शेपटी?"

"ती आधीच गेली आहे."

घरी आल्यावर अम्मीला सांगितलं, दोन हजार तीनशे मिळाले. तिचा विश्वास बसेना. "बिल्ली के?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती मानोकडे वळली आणि म्हणाली, आता तरी जाडी हो, लोक पैसे देऊन बघतात तुला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर गेलो, तर दुधातली पोळी भरवणं चाललेलं होतं. अम्मीच्या हातात नवी हिरवी बांगडी होती. ती मला काही बोलली नाही, पण हात जरा उजेडात धरून बसली होती.